विद्यार्थ्यांस आधार-निर्देश कसा शिकवावा

ऐतिहासिक लेखास आधार कसा द्यावा, हा विषय आपल्याकडे स्वतंत्रपणें क्वचितच शिकविला जातो. विद्यार्थी प्रबंध लिहावयास बसला म्हणजे त्याच्या हातीं एक छापील नियमावली येते. ग्रंथकाराचें आडनांव आधीं कीं साल आधीं, स्वल्पविराम कोठें आणि पूर्णविराम कोठें, एवढें तो तींतून उचलतो व टीपा लिहूं लागतो. टीप कशासाठीं असते, ती कोणी वाचावयाची आणि वाचून काय करावयाचें, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. परिणाम असा होतो कीं, विरामचिन्हें बिनचूक पण आधार पोकळ, अशा टीपांनीं प्रबंधाचीं पानें भरतात. ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत, किंवा ज्यांनीं पदरमोड करून पोथ्या जमविल्या आहेत, त्यांस याची झळ प्रत्यक्ष लागते. त्यांच्याकडील कागद पाहून गेलेल्या अभ्यासकानें 'खाजगी संग्रहांतील एक पत्र' एवढेंच छापलें, म्हणजे तें पत्र पुनः कोणास मागतां येत नाहीं, आणि आपल्या शेंकडों कागदांपैकीं तें कोणतें, हें मालकासहि सांगतां येत नाहीं. या कारणास्तव, आधार-निर्देश हा विषय वर्गांत विद्यार्थ्यांच्या हातून प्रत्यक्ष करवून कसा शिकवितां येईल, याविषयीं कांहीं विवेचन करण्याचें योजिलें आहे. उदाहरणें मुख्यतः रत्नागिरीकडील घेतलीं आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आधार म्हणजे पत्ता. लेखकानें जें पाहिलें तें दुसऱ्या, अनोळखी, आणि बहुधा लेखकाशीं मतभेद असलेल्या मनुष्यास त्याच जागीं जाऊन पाहतां यावें, एवढ्यासाठीं तो द्यावयाचा असतो. टीप म्हणजे विद्वत्तेचा दागिना नव्हे, आणि ज्यांचे ग्रंथ वापरले त्यांचे आभार मानण्याची जागाहि नव्हे. ही व्याख्या फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांस पटत नाहीं. त्यास दुसऱ्याच्या टीपेवरून कपाटापर्यंत चालत जावें लागलें आणि रिकाम्या हातानें परतावें लागलें, म्हणजे मात्र ती लगेच पटते. पुढील सर्व पाठांचें बीज एवढेंच आहे.

रत्नागिरीस ही विद्या परकी नाहीं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ सालीं मालवणास झाला. त्यांचें शालेय शिक्षण रत्नागिरीस झालें आणि पुढें कांहीं काळ ते रत्नागिरीच्याच हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे गोविळ गांवचे, ऐतिहासिक लेखसंग्रहाचे कर्ते वासुदेवशास्त्री खरे गुहागरचे, आणि पांडुरंग वामन काणे चिपळूणजवळच्या परशुराम-पेढें येथील. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड १९३० ते १९६२ या काळांत निघाले. त्यांतील एखादें पान वर्गापुढें उघडून ठेवावें. कित्येक पानांवर मजकुरापेक्षां टीपांनींच अधिक जागा घेतलेली आहे. विद्यार्थी प्रथम ती बारीक अक्षरांतील ओळ वगळून वर वर वाचतो. ग्रंथाचा खरा भार त्याच ओळी उचलीत आहेत, हें त्यास मागाहून दिसतें.

आतां पाठांकडे वळूं. साहित्य फारसें लागत नाहीं. छापील साधनखंडांचें एक कपाट, कोऱ्या चिठ्ठ्या, आणि दहा-वीस मोडी कागदांच्या नकला एवढ्यावर काम भागतें. पहिला पाठ चिठ्ठ्यांचा. प्रत्येक विद्यार्थ्यानें कपाटांतील कोणत्याहि खंडांतून एक वाक्य निवडावें, वाक्य स्वतःपाशीं ठेवावें, आणि त्याचा केवळ आधार चिठ्ठीवर लिहून शेजाऱ्यास द्यावा. शेजाऱ्यानें एक शब्दहि न विचारतां तें वाक्य शोधून वाचून दाखवावें. पहिल्या फेरींत निम्म्या चिठ्ठ्या निकामी ठरल्या तरी शिक्षकानें नवल मानूं नये. 'राजवाडे, पृ. ४५' अशी चिठ्ठी हातीं आली म्हणजे शोधणारा कपाटापुढें खिळून उभा राहतो. कारण १८९८ पासून निघालेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे एकंदर २२ खंड आहेत, आणि पंचेचाळिसावें पान प्रत्येकांत असणारच. खंड सांगितला तरी अडचण संपत नाहीं, कारण पुनर्मुद्रणांत पानें सरकतात. पत्रास संपादकानें दिलेला लेखांक मात्र सहसा सरकत नाहीं. सरदेसाई यांनीं १९३० नंतर पेशवे दप्तरांतून निवडून छापलेल्या ४५ भागांसहि हेंच लागू आहे. तेव्हां साधनग्रंथाचा आधार देतांना खंड आणि लेखांक हे मुख्य, पान हें सोईपुरतें, आणि कोणती आवृत्ति वापरली तें साल अवश्य, हा नियम शिक्षकानें सांगण्यापूर्वींच विद्यार्थी दुसऱ्या फेरीच्या वेळीं आपण होऊन काढतात. नियम असा निघाला म्हणजे तो विसरला जात नाहीं.

या नियमाचें एक उत्तम उदाहरण पुण्यास आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ सालीं झाली आणि लगेच पुढच्या वर्षीं डेक्कन कॉलेजांतील सरकारी हस्तलिखितसंग्रह तेथें आला. त्या संग्रहांतील पोथीची खूण म्हणजे एक क्रमांक आणि ज्या सालीं ती पोथी सरकारी शोधांत मिळाली तें साल, अशी जोडी होय. 'अमुक क्रमांक, १८८३-८४ चा' या पद्धतीनें तिचा उल्लेख होतो. ही खूण पोथी कोठें ठेवली आहे यावर अवलंबून नाहीं, ती कशी आली यावर अवलंबून आहे. म्हणून संग्रहानें घर बदललें तरी जुन्या ग्रंथांतील टीपा आजहि त्याच पोथीपाशीं नेऊन पोंचवितात. याच्या उलट, 'माजघरांतील तिसरें कपाट, वरचा खण' हा आधार घराची वांटणी होईपर्यंतच खरा. संग्राहकांनीं आपल्या कागदांस कायमचे क्रमांक घालावे, असें मंडळाच्या पानांतून अनेकदां सांगितलें गेलें असेल. त्याचें कारण येथें आहे.

दुसरा पाठ माग काढण्याचा. फळ्यावर एक साधें विधान लिहावें: दक्षिण कोंकण जिल्ह्याचें ठाणें आरंभीं बाणकोटास होतें व १८२२ सालीं तें रत्नागिरीस आलें. याचा आधार विचारला असतां विद्यार्थी हातीं असलेलें अलीकडचें एखादें पुस्तक पुढें करतो. त्या पुस्तकाचा आधार कोणता? तेथें गॅझेटियरचें नांव निघतें. गॅझेटियर कोणतें? मुंबई इलाख्याच्या मालेंतील रत्नागिरी व सावंतवाडी यांचा दहावा खंड १८८० सालीं निघाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर सुधारलेली आवृत्ति १९६२ सालीं निघाली. नुसतें 'रत्नागिरी गॅझेटियर' असें म्हटल्यानें दोहोंपैकीं कोणता हें समजत नाहीं. आणि १८८० चा ग्रंथ घेतला तरी तो १८२२ च्या घटनेनंतर ५८ वर्षांनीं छापलेला आहे. त्याच्याहि मागें कांहीं सरकारी कागद असला पाहिजे. विद्यार्थ्यानें ही सांखळी जितकी मागें नेतां येईल तितकी न्यावी, आणि जेथें ती तुटेल तेथें 'येथपर्यंत पाहिलें' असें प्रांजळपणें लिहावें. ज्या दुव्यापर्यंत तो स्वतः गेला नाहीं, त्याचा आधार त्यानें स्वतः पाहिल्यासारखा देऊं नये. 'अमुक ग्रंथांत उद्धृत' असें लिहावें. या एका सवयीनें आपल्या मासिकांतील निम्मे वाद मिटतील, असें वाटतें.

याच पाठाच्या ओघांत स्थळनामांचा एक पेंच येतो, तो रत्नागिरीकरांस विशेष लागू आहे. १८८० च्या गॅझेटियरांत मालवण, देवगड, वेंगुर्लें, विजयदुर्ग हीं सर्व रत्नागिरी जिल्ह्यांत आहेत. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यामुळें 'रत्नागिरी जिल्ह्यांतील अमुक गांवचे सनदापत्र' एवढ्या निर्देशावरून आजचा अभ्यासक भलत्याच कचेरीचें दार ठोठावतो. वर भांडारकरांविषयीं जें लिहिलें आहे त्यांतहि हाच घोटाळा होण्याजोगा आहे. तेव्हां गांवाबरोबर तालुका, आणि जिल्ह्याबरोबर तो कोणत्या काळचा, हें लिहिण्याची संवय लावावी.

तिसरा पाठ मितीचा. यावर अधिक वेळ द्यावा, कारण कागदाची ओळख मितीनें होते आणि चुकाहि तेथेंच अधिक होतात. नियम एक: मूळ कागदांत जी मिति जशी आहे तशीच आधीं उतरावी, आपलें रूपांतर चौकोनी कंसांत वेगळें द्यावें. कित्येक विद्यार्थी मूळ मिति गाळून केवळ इंग्रजी तारीख देतात. रूपांतर चुकलें म्हणजे मग सुधारण्यास कांहीं शिल्लकच राहत नाहीं. हें पटविण्यासाठीं वर्गास शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी ही मिति द्यावी व इसवी सन विचारावा. शकांत ७८ मिळविण्याचें सर्वांस ठाऊक असतें, म्हणून १७६० असें उत्तर येतें. ही मिति पानिपतच्या संग्रामाची, म्हणजे १४ जानेवारी १७६१ ची आहे, असें सांगितलें कीं वर्ग चपापतो. जानेवारीपासून शकाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. तोच दिवस शुहूर सनांत सांगावयाचा तर 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१. शुहूर सन मृगाच्या सुमारास पालटतो; म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावयाचे. येथेंहि घाई करणारा १७६० वर येऊन थांबतो. अरबी संख्यावाचक शब्दांचा तक्ता भिंतीवर लावून दहा कागदांचे सन सोडवून घेतले, तर एका तासांत वर्ग तयार होतो. फसली व राज्याभिषेक शक यांची तोंडओळख पुरे. राज्याभिषेक शकाचा आरंभ शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध १३ पासून धरावयाचा, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे झालें.

मितीच्या पाठास जोडूनच शिवजन्मतिथीचा वाद वर्गांत उभा करावा. याहून चांगलें उदाहरण मराठी इतिहासांत नाहीं, आणि त्याचा एक धागा रत्नागिरीशीं जुळतो. कारण ज्या जेधे शकावलीनें हा प्रश्न नव्यानें उपस्थित झाला ती १९१६ सालीं प्रसिद्धीस आणणारे लोकमान्य टिळक १८५६ सालीं रत्नागिरीस जन्मले. वर्गाचे दोन पक्ष करावे. एका पक्षानें शके १५४९ वैशाख ही तिथि मांडावी, दुसऱ्यानें शके १५५१ फाल्गुन वद्य ३ ही. अट एकच: उभा राहून जो बोलेल त्यानें हातांत ग्रंथ धरून, त्याचें नांव, तो केव्हां रचला, केव्हां छापला, आणि आपण पाहतों ती मूळ प्रत कीं नक्कल, हें सांगितल्यावांचून विधान करूं नये. पहिल्या पक्षास मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा आश्रय घ्यावा लागतो, आणि ती १९ व्या शतकाच्या आरंभींची आहे असें सांगतांना त्याचा आवाज आपोआप उतरतो. दुसऱ्या पक्षापाशीं जेधे शकावली असते, आणि १९२७ सालीं छापलेलें कवींद्र परमानंदाचें 'शिवभारत' असतें. तें छापलें उशिरां तरी रचलें शिवाजीमहाराजांच्या समकालीनानें. ग्रंथ केव्हां छापला आणि केव्हां रचला, हा भेद येथें विद्यार्थ्याच्या मनांत कायमचा ठसतो. नुसतें 'शिवभारत, १९२७' असें लिहिणाऱ्यास तो समकालीन ग्रंथ दीडशें वर्षें मागाहूनच्या बखरीपेक्षांहि अर्वाचीन भासेल.

मग रूपांतर करावयास सांगावें. शके १५५१ फाल्गुन, म्हणून ७९ मिळवून १६३०. ७८ मिळविणारे येथेंहि एक-दोन निघतात. शकावलींत वार शुक्रवार दिला आहे. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस जुन्या, ज्युलियन गणनेप्रमाणें शुक्रवारच येतो. हीच तारीख आजच्या ग्रेगोरियन गणनेनें १ मार्च १६३० होते. इंग्रजांनीं १७५२ पर्यंत जुनी गणना चालविली, म्हणून सुरत-राजापूर वखारींच्या पत्रांवरील तारखाहि त्याच गणनेच्या समजाव्या. टीपेंत कोणती गणना धरली हें न लिहिल्यास दहा दिवसांचें अंतर पडतें, आणि पुढें कोणी दोन तारखा पाहून दोन घटना मानूं लागतो. वादाचा निकाल वर्गानें लावावाच असा आग्रह नसावा. कोणाच्या बाजूचा आधार तपासून पाहतां आला आणि कोणाचा आला नाहीं, एवढें टिपून घेतलें तरी तास सत्कारणीं लागला.

आधार दिला पण वस्तु नाहींशी झाली, अशीहि स्थिति येते. आणि ती विद्यार्थ्यांस दाखविणें अवश्य आहे. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं तीन खंडांत निघाला. त्यांनीं टीपांतून हस्तलिखितांचे निर्देश केले आणि त्यांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेविल्याचें सांगितलें. पद्धत निर्दोष होती. परंतु पुढें त्या नकला शोधणाऱ्यांस मिळेनात, अशी तक्रार मराठी अभ्यासकांत दीर्घकाळ होती. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं तरुण वयांत त्या इतिहासावर जी टीका लिहिली, तींत आपल्या बखरी व कागद छापून काढण्याची निकड मांडिली गेली. १८७८ सालीं सुरू झालेला काव्येतिहाससंग्रह आणि राजवाडे यांचे खंड ही त्याच ओढीचीं पुढचीं पावलें. मराठी इतिहाससंशोधनाची ही सारी चळवळ, एका अर्थी, कोणीतरी टीपा तपासूं लागल्यापासून सुरू झाली. खुद्द राजवाडे यांच्या बाबतींतहि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांनीं १९०९ सालीं ज्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती पोथी पुढें अभ्यासकांस उपलब्ध राहिली नाहीं. त्यामुळें तिच्या पाठांविषयीं जे प्रश्न निघाले, ते छापील पुस्तकावरूनच सोडवीत बसावें लागतें. निर्देश आणि जतन हीं दोन्हीं मिळून एक काम आहे.

चौथा पाठ लहान आहे. शिक्षकानें दहा आधारांची एक यादी द्यावी व त्यांपैकीं तीन मुद्दाम खोटे घालावे: एकांत लेखांक चुकीचा, दुसऱ्यांत ग्रंथ खरा पण त्यांत तें विधानच नाहीं, तिसऱ्यांत ग्रंथच काल्पनिक. विद्यार्थी पहिला लगेच पकडतात, दुसरा क्वचित्. हल्लीं संगणकीय लेखनयंत्रांस प्रश्न विचारून टीपा तयार करून घेण्याची रीति पडूं लागली आहे. तीं यंत्रें कधीं कधीं न लिहिलेल्या पुस्तकाचें न छापलेलें पानहि मोठ्या ऐटीनें सांगतात. या पाठाची गरज त्यामुळें पूर्वींपेक्षां वाढली आहे.

शेवटचा पाठ प्रत्यक्ष कागदाचा, आणि संग्राहकांचा संबंध येथें सर्वांत निकट येतो. कोंकणांतील हवा कागदाची वैरीण आहे. चार महिन्यांच्या पावसानें शाई फुटते, कसर व वाळवी उरलेलें काम करतात, आणि घरें बंद पडून मंडळी मुंबई-पुण्यास गेली म्हणजे रुमाल सोडणारेंहि कोणी उरत नाहीं. अशा वेळीं एखादा विद्यार्थी येतो, भ्रमणध्वनीनें दोनशें छायाचित्रें भराभर काढतो आणि जातो. वर्षभरानें त्याच्यापाशीं चित्रें असतात. परंतु कोणतें पत्र कोणत्या रुमालांतलें, पाठपोट एकाच कागदाचें कीं दोन कागदांचें, हें त्यास सांगतां येत नाहीं. मूळ कागद तोंवर गेला असला तर तें चित्र निराधार राहतें. म्हणून नकलांवर पुढील अभ्यास करवावा. तीन पत्रें घ्यावीं, एकाच इसमास लिहिलेलीं, जवळजवळ एकाच विषयाचीं. विद्यार्थ्यानें एकाचें वर्णन असें लिहावें कीं दुसऱ्यानें तें वाचून तिघांतून नेमकें तेंच उचलावें. 'पेशव्यांचें कुळकर्णाविषयींचें पत्र' असें लिहून भागत नाहीं, हें त्यास तत्काळ कळतें. मग तो संग्रह कोणाचा, रुमाल व कागद यांचा क्रमांक काय, लिहिणारा व घेणारा कोण, मिति मूळ शब्दांत, अस्सल कीं नक्कल, शिक्का-मोर्तब आहे कीं नाहीं, ओळी किती, आरंभींचे व शेवटचे शब्द कोणते, कोठें फाटलें आहे, हें सर्व टिपूं लागतो. 'छ' हें अक्षर मुसलमानी महिन्याच्या चंद्रतारखेचें, हें ज्यास ठाऊक नसेल तो येथें अडखळतो. त्यास पुन्हां तिसऱ्या पाठाकडे पाठवावें.

हें झाल्यावर खऱ्या दप्तरापुढें बसण्यास विद्यार्थी योग्य झाला असें समजावें. छायाचित्र काढण्यापूर्वीं प्रत्येक कागदाशेजारीं क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, म्हणजे चित्रांतच पत्ता उतरतो. चिठ्ठी कागदावर चिकटवूं नये. क्रमांक नसल्यास मालकाच्या संमतीनें मऊ शिसपेन्सिलीनें कोपऱ्यांत घालावा, शाईनें कधींहि नाहीं. मालकाचें नांव छापावें कीं न छापावें हें त्यासच विचारावें. तो नको म्हणाला तर संग्रहास एक खूण ठरवून ती खूण व नांव यांची नोंद संशोधन-संस्थेकडे मोहोरबंद द्यावी, म्हणजे गुप्तता राहूनहि पत्ता मोडत नाहीं. वर्णनाच्या तीन प्रती कराव्या. एक विद्यार्थ्यापाशीं राहील, दुसरी संस्थेस पाठवावी, आणि तिसरी त्याच रुमालांत, सर्व कागदांच्या वर, घडी न घालतां ठेवून रुमाल पूर्वींप्रमाणें बांधावा.